मानेतली गादी सरकून हातात कळ येत असेल तर ऑपरेशनच्या आधी काय काय करून बघायचं

माझा उजवा हात गेल्या वर्षी मे महिन्यात धरला. सोलापुरात युनिफॉर्मच्या धंद्यात जे आहेत त्यांना मे महिना म्हणजे काय ते माहितीये, जूनला शाळा उघडायच्या आत माल गेला पाहिजे, त्यामुळं मी कटिंग टेबलवर मान खाली घालून दिवसाचे तेरा-चौदा तास उभा. आधी नुसती मान आखडल्यासारखी वाटली, मग उजव्या खवाट्याच्या आत कुणीतरी बोट खुपसून धरलंय असं झालं, आणि पाचव्या दिवशी रात्री दंडाच्या मागून कोपरापर्यंत आणि तिथून थेट मधल्या बोटापर्यंत अशी कळ गेली की मी अंथरुणात उठूनच बसलो. त्यानंतर तीन आठवडे नीट झोप नाही. एकाच गोष्टीनं बरं वाटायचं, हात उचलून डोक्यावर ठेवायचा. बायको म्हणायची असं काय बसलाय वो रात्री दोनला डोक्यावर हात ठेवून, आणि मला पण कळत नव्हतं असं केल्यावर बरं का वाटतंय ते. पुढं फिजिओने सांगितलं की हीच तर खूण आहे, हात वर घेतला की मानेतून निघणाऱ्या नसेवरचा ताण ढिला पडतो, म्हणजे दुखणं हाताचं नाही, मानेचं आहे.

मी डॉक्टर नाही, कटिंग मास्टर आहे. पण त्या चार-पाच महिन्यांत मी ऑर्थो, फिजिओ, कायरोप्रॅक्टर (मणक्यावर हातानं उपचार करणारे) सगळं बघितलं, वाचलं, विचारलं, आणि एक मोठी चूक पण केली ती पुढं सांगतो. आमच्या गल्लीत, कारखान्यात, यंत्रमागवाल्यांत, विडी कामगार बायकांत, एवढ्या लोकांना हा त्रास आहे आणि प्रत्येकजण कुणीतरी सांगितलं म्हणून कुठंतरी जाऊन मान मोडून घेतोय हे बघवत नाही, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितोय.

नेमकं काय झालेलं असतं

मानेत ७ मणके असतात आणि त्यातून नसांच्या ८ जोड्या निघतात (रिपोर्टमध्ये सी आठ लिहिलेलं बघून बरेच जण घाबरतात की आठवा मणका कुठून आला, तो मणका नाही, नस आहे). दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. ती कशी असते हे आपल्या सोलापूरकरांना समजावणं सोपं आहे, सुताचा कोन बघा, त्यावर सूत कसं तिरकं तिरकं, एक थर इकडून एक थर तिकडून गुंडाळलेलं असतं, गादीचं बाहेरचं कवच तसंच आडव्यातिडव्या धाग्यांच्या थरांचं असतं आणि आत मऊ जेलीसारखा गर. वर्षानुवर्षं मान पुढं झुकवून काम केलं, वय झालं, की ते थर कुठंतरी विरतात आणि आतला गर मागच्या बाजूनं बाहेर येतो, तिथंच शेजारून नस जात असते. तो गर नसेला दाबतो हे खरं, पण नुसतं दाबणं नाही, त्या गरातल्या रसायनांनी नस सुजते, चिडते, आणि म्हणून मग करंट मारल्यासारखी कळ, मुंग्या, बधिरपणा.

आपण गादी सरकली म्हणतो खरं, पण ती अख्खी वीट सरकावी तशी सरकलेली नसते. म्हणून "दाबून परत जागेवर बसवतो" असं जो कुणी सांगेल, मग तो गावाकडचा हाड बसवणारा असो नाहीतर एसी क्लिनिकमधला, त्याच्याकडून उठून या. बाहेर आलेला गर बाहेरून दाबून आत जात नाही. चांगली गोष्ट ही की शरीर स्वतःच तो हळूहळू खाऊन टाकतं, बाहेर आलेल्या तुकड्यावर आपल्याच पेशी येतात आणि तो आटत जातो, नसेची सूज उतरते, आणि बहुतेकांना दीड ते तीन महिन्यांत बराच फरक पडतो. अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावात १९७६ ते १९९० मधल्या अशा ५६१ पेशंटचा अभ्यास झाला होता, त्यात साधारण चौथ्या हिश्शाच्या लोकांना ऑपरेशन लागलं आणि शेवटच्या तपासणीला दहातले नऊ जण एकतर बरे होते किंवा किरकोळ त्रासावर होते. म्हणजे सगळे उपचार कशासाठी, तर हे दोन-तीन महिने दुखणं सोसण्याइतकं खाली आणायचं, हाताची ताकद जाऊ द्यायची नाही आणि परत तसं होऊ नये अशी सवय लावायची.

कळ कुठल्या बोटात जाते त्यावरून नस कळते. अंगठ्याकडं जात असेल तर बहुतेक सहावी, मधल्या बोटाकडं असेल तर सातवी (सगळ्यात जास्त हीच धरते), करंगळीकडं असेल तर आठवी. ताकद पण तशीच जाते, सहावीला कोपरात हात दुमडताना आणि मनगट वर उचलताना, सातवीला ढकलताना, आठवीला मुठीत. माझी सातवी होती, कापडाच्या थप्पीतून कटिंग मशीन पुढं ढकलायचो तेव्हा हात कमी पडायला लागला होता आणि मी समजत होतो की मशीनची पाती बोथट झालीये.

आणि प्रत्येक हातदुखी मानेची नसते. खांदाच वर जात नसेल, दुसऱ्यानं उचलून दिला तरी अडकत असेल, तर तो फ्रोझन शोल्डर, शुगरवाल्यांना फार होतो. रात्री हात बधिर होऊन जाग येते आणि झटकला की बरं वाटतं, तर मनगटातली नस दबलेली असू शकते, शिलाईवाल्यांना आणि विड्या वळणाऱ्यांना ही शंका आधी घ्यावी. डाव्या हातात कळ, सोबत छाती भरून येणं, घाम, दम, तर मान वगैरे विसरा आणि सरळ हॉस्पिटल गाठा.

आधी हे बघा, मग बाकीचं

हा भाग मी सगळ्यात जीव तोडून लिहितोय कारण आमच्या घरात झालंय. माझी आई तीस-बत्तीस वर्षं विड्या वळत होती, मांडीवर सूप, मान खाली, हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय उठायची नाही. मान तर तिची कायमच दुखायची. पण शेवटी शेवटी तिला ब्लाउजचे हूक लावता येईनात, ताटातला घास सांडायचा, आणि चालताना पायातली चप्पल सुटून मागं राहायची आणि तिला कळायचंच नाही. आम्ही म्हणलो वय झालंय. वर्षभर आम्ही तेल चोळत बसलो. तिची नस नाही, मधला मुख्य मज्जारज्जूच दबला होता, आणि त्यात मालिश, व्यायाम, कायरोप्रॅक्टिक कशाचाच उपयोग नसतो, बहुतेक वेळा ऑपरेशनच लागतं आणि ते वेळेत लागतं. तिचं झालं, चालणं आणखी बिघडायचं थांबलं, पण बोटं पूर्ण परत आली नाहीत. माझं दुखणं सुरू झालं तेव्हा मी सगळ्यात आधी शर्टाची बटणं लावून बघितली ती याच्यामुळं.

तर पुढचं काहीही असेल तर आधी सिव्हिलला नाहीतर तुमच्या ओळखीच्या ऑर्थो किंवा न्यूरोवाल्या डॉक्टरांकडं, त्याच दिवशी: बटण, चावी, नाणी असली बारीक कामं हातून निसटायला लागली, पाय जड पडतायत, तोल जातोय, लघवी-संडासवरचा ताबा बदललाय, हाताची ताकद दिवसेंदिवस कमी होतीये, पडल्यावर किंवा गाडीच्या अपघातानंतर दुखायला लागलंय, ताप आहे, वजन उतरतंय, आधी कॅन्सर झालेला आहे. आणि अचानक आयुष्यात कधी झाली नव्हती अशी मानदुखी-डोकेदुखी, सोबत चक्कर, एकाचे दोन दिसणं, जीभ जड, गिळताना अडकणं, तोंड एका बाजूला बधिर, तर तो मेंदूच्या रक्तवाहिनीचा प्रकार असू शकतो, त्यात मिनिटं महत्त्वाची.

नुसती कळ आहे, मुंग्या आहेत, ताकद थोडी कमी आहे पण आणखी कमी होत नाहीये, तर घाबरायचं कारण नाही, पुढं वाचा.

सलूनमध्ये मान मोडून घेऊ नका

माझी चूक ही. दुखणं सुरू होऊन आठवडा झाला होता, दाढीला गेलो, खुर्चीत बसल्या बसल्या म्हणलो मान धरलीये, तो म्हणाला अण्णा एकदा मोडून देतो, मोकळं होतंय बघा. लहानपणापासून आपण मोडून घेतोच की, मला काही वाटलं नाही. त्यानं हनुवटी धरून डावीकडं कडाक केलं, ठीक वाटलं, उजवीकडं केलं आणि मधल्या बोटापर्यंत अशी आग गेली की मी खुर्चीतून उठलो. त्या रात्रीपासून बोट बधिर झालं ते पुढं दोन महिने बधिरच होतं. त्या माणसाचा दोष मी देत नाही, त्याला कसं कळणार माझ्या मानेत काय झालंय, मला तरी कुठं माहिती होतं. पण हेच कारण आहे ना न मोडण्याचं.

दुसरं कारण जास्त मोठं आहे. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना भोकं असतात आणि त्यातून मेंदूकडं जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या वर जातात. झटका देऊन मान पिळली तर त्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटल्याचे आणि त्यातून लकवा झाल्याचे प्रकार नोंदलेले आहेत. फार क्वचित होतं, आणि झटक्यानंच फाटतं की आधीच फाटायला लागल्यामुळं मान दुखत असते आणि म्हणून माणूस मोडून घ्यायला जातो यावर डॉक्टर लोकांत वाद आहे. पण कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही, आणि हातात कळ असताना तर झटक्याचा फायदा काय तोही नक्की नाही, मग कशाला.

आणि तो कडाक आवाज. रील्समध्ये माइक लावून ऐकवतात. तो हाड जागेवर बसल्याचा आवाज नाही, गादी आत गेल्याचा तर नाहीच नाही, सांध्यातल्या पाण्यात वायूचा बुडबुडा झाल्याचा तो आवाज असतो, बोटं मोडल्यावर येतो तसाच. आवाज आला नाही म्हणून उपचार फुकट गेला असं काही नसतं.

कायरोप्रॅक्टर म्हणजे कोण, आणि सोलापुरातून जायचं का

कायरोप्रॅक्टिक ही पद्धत अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाच्या माणसानं १८९५ मध्ये सुरू केली. सुरुवातीला सगळे आजार मणक्यावरूनच बरे होतात असा त्यांचा दावा होता, तो आता सोडून द्या, पण मान-पाठ-कंबर या बाबतीत हातानं करायच्या उपचारात त्यांचं शिक्षण मोठं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात पूर्ण शिक्षण कमीत कमी ४२०० तासांचं पाहिजे असं म्हणलंय. त्याच सूचनांत हे पण आहे की गादी बाहेर आलेली असून नसेची लक्षणं वाढत चालली असतील तर मणक्याला झटका द्यायचा नाही. म्हणजे त्यांच्याच पुस्तकात जे नाही म्हणलंय ते कुणी करत असेल तर तो शिकलेला नाही.

आपल्याकडं अडचण अशी की डॉक्टरांची जशी नोंदणी असते तशी कायरोप्रॅक्टरसाठी आपल्या देशात सरकारी कौन्सिल नाही, त्यामुळं आठवड्याचा कोर्स केलेलाही बोर्ड लावू शकतो. फिजिओचं तसं नाही, महाराष्ट्रात २००२ च्या कायद्यानं त्यांचं कौन्सिल आहे आणि नोंदणी नंबर विचारता येतो. म्हणून जायच्या आधी फोनवर सरळ विचारायचं, तुमची डिग्री कुठली, किती वर्षांची, कुठल्या देशातली. माझ्या हातात कळ आणि बधिरपणा आहे, तुम्ही हातोडीनं रिफ्लेक्स आणि ताकद तपासता का. मानेला झटका देता का आणि मी नको म्हणलो तर दुसरं काय करता. चांगला माणूस या प्रश्नांनी चिडत नाही, उलट त्याला बरं वाटतं.

मी पुण्याला गेलो होतो एकांकडं, परदेशात शिकलेले होते, आणि त्यांनी मला अर्धा तास नुसतं तपासलं, एमआरआय बघितला, आणि म्हणाले की तुमच्या मानेला मी झटका देणार नाही. त्याच वाक्यानं माझा विश्वास बसला. पण माझं प्रामाणिक मत सांगतो, दर आठवड्याला हुतात्मा एक्स्प्रेसनं जायला साडेतीन-चार तास, यायला तेवढेच, बसून बसून मान पुन्हा दगड होते. मी तीनदा गेलो आणि बाकी सगळं सोलापुरातच फिजिओकडं केलं. मॅन्युअल थेरपी शिकलेला फिजिओ असेल तर हातानं करायचं जवळजवळ तेच काम तो करतो, रिक्षानं जाऊन येता येतं, आणि सातत्य राहतं. पुण्या-मुंबईला जाऊ नका असं नाही म्हणत, एकदा जाऊन नीट तपासून, काय करायचं ते लिहून आणून इथं करून घ्या, हा मला जमलेला रस्ता आहे.

हाडं ठिसूळ झालेली, संधिवात असलेले, बरीच वर्षं स्टिरॉइड घेणारे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेले, यांनी पाय ठेवल्या ठेवल्या ते सांगायचं, झटक्याचे उपचार यांच्यासाठी नाहीतच.

टेबलवर काय करतात

पहिल्या दिवशी तपासणी व्हायलाच पाहिजे. हातोडीनं कोपरावर मारून बघतात, दोन्ही हात ढकलायला-ओढायला लावून ताकद बघतात, सुई किंवा कापसानं बोटं बधिर आहेत का बघतात, मान मागं आणि दुखऱ्या बाजूला झुकवून वरून हलकं दाबतात आणि कळ हातात उतरते का बघतात (हे घरी कुणी करून बघू नका). हे न करता कुणी थेट मानेला हात घातला तर थांबवा, बोलायची लाज वाटू देऊ नका.

मग उपचार. माझ्यावर जे झालं ते सगळं हळू होतं. उताणं झोपवून दोन्ही हातांनी डोकं धरून अगदी सावकाश लांब ओढायचं, काही सेकंद धरायचं, सोडायचं, त्याला ट्रॅक्शन म्हणतात, आणि मला तर त्या सेकंदांत हातातला ठणका अक्षरशः कुणीतरी बटण बंद केल्यासारखा थांबायचा. मग मानेचे मणके एकेक करून अंगठ्यानं हलके हलके हलवायचे, झटका नाही, झुलवल्यासारखं. मानेपेक्षा पाठीच्या वरच्या भागावर जास्त काम, कारण तिथं पाठ ताठरली की मानेला दुप्पट वाकावं लागतं. खांद्यावरच्या गाठींवर दाब. काही जण छोटं स्प्रिंगचं यंत्र वापरतात, टिकटिक करून हलका ठोका देणारं. आणि शेवटी नसेचा व्यायाम, हात बाजूला पसरून कोपर आणि मनगट ठराविक पद्धतीनं उघडमीट करायची की नस आपल्या नळीतून मागंपुढं सरकते. हा एकच व्यायाम मी इथं लिहून सांगत नाही, कारण चिडलेली नस ताणली तर दोन दिवस झोप जाते, समोर बसून शिका.

फरक पडतोय का हे कसं ओळखायचं ते मला फार उशिरा कळलं म्हणून नीट सांगतो. कळ जर बोटातून मनगटाकडं, मनगटातून कोपराकडं, कोपरातून खांद्याकडं अशी वर सरकत असेल तर ते चांगलं, मग मान थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ जर खाली खाली जात असेल, काल कोपरापर्यंत होती ती आज बोटापर्यंत, तर जे केलं ते चुकतंय, दुसऱ्या दिवशी जाऊन सांगा, सहन करत बसू नका. उपचारानंतर एक दिवस अंग मोडल्यासारखं होणं मामुली आहे, पण बधिरपणा वाढणं मामुली नाही.

पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं, मग कमी. महिन्यानं परत सगळी तपासणी करून घ्यायची, पहिल्या दिवसाच्या आकड्यांशी जुळवायची. चार ते सहा आठवड्यांत काहीच हललं नाही तर तेच तेच पुढं चालवण्यात अर्थ नाही, परत डॉक्टरकडं. आणि चाळीस सिटिंगचं पॅकेज आधी पैसे भरून घ्यायचं नाही, कितीही डिस्काउंट देऊ देत, कारण तुमची नस किती दिवसात शांत होईल हे त्यांनाही माहिती नसतं.

घरी आणि कामावर

खरं सांगायचं तर आठवड्यात दोन तास त्यांच्या टेबलवर आणि बाकी सगळा वेळ आपल्या हातात, त्यामुळं इथं जास्त लक्ष द्या. २०१२ साली अमेरिकेत २७२ मानदुखीच्या लोकांवर अभ्यास छापून आला होता, एका गटाला कायरोप्रॅक्टरचे हातानं उपचार, एकाला गोळ्या, एकाला फक्त घरी करायचे व्यायाम शिकवले, बारा आठवड्यांनी व्यायामवाले आणि हातानं उपचारवाले जवळजवळ बरोबरीनं सुधारले होते आणि गोळ्यावाले मागं होते. त्यात नस दबल्याची लक्षणं असलेले पेशंट नव्हते हे लक्षात ठेवा, पण मला त्यातून हिंमत आली.

झोप आधी दुरुस्त करा. पालथं झोपणं बंद. आपल्या सोलापुरी टॉवेलचा उपयोग इथं आहे, जाड टर्किश टॉवेल घट्ट गुंडाळून मनगटाएवढा रोल करायचा आणि उशीच्या खोळीत खालच्या कडेला सारायचा, म्हणजे मानेची पोकळी भरते आणि डोकं उशीवर राहतं. कुशीवर झोपत असाल तर उशी खांद्याच्या रुंदीएवढी उंच पाहिजे, कमी पडत असेल तर खाली चादरीची घडी घाला, आणि दुखरा हात हवेत लोंबू न देता छातीशी दुसरी उशी घेऊन त्यावर ठेवा. मला पहिली चार तासांची सलग झोप अशी मिळाली.

हनुवटी मागं घ्यायचा व्यायाम, सगळ्यात साधा आणि सगळ्यात जास्त लोक चुकवतात. ताठ बसा, नजर समोर, हनुवटी खाली नाही आणि वर नाही, ड्रॉवर आत सरकवल्यासारखी सरळ मागं न्या, गळ्याला दुहेरी वळी पडली पाहिजे. तीन-चार सेकंद धरा, सोडा, आठ-दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी. करताना कळ वर सरकली तर उत्तम, हातात उतरली तर थांबा आणि फिजिओला विचारा. दोन्ही खवाटे मागं एकमेकांकडं ओढायचे, तेवढंच. कपाळाला हात लावून न हलता ढकलायचे ताकदीचे व्यायाम ठणका उतरल्यावरच, माझ्याकडून चौथ्या आठवड्यात सुरू केले.

शेक गरम घ्या नाहीतर बर्फ, ज्यानं बरं वाटेल ते, पंधरा मिनिटं. पण बधिर भागावर गरम पिशवी ठेवताना आधी चांगल्या हातानं तपासा, आमच्या कारखान्यातल्या एकाचा दंड असाच भाजला, त्याला शुगर होती आणि चटका कळलाच नाही.

कामाचं मला जे सुचलं ते सांगतो. कटिंग टेबलच्या चारी पायांखाली मी लाकडी ठोकळे ठेवून ते चार इंच उंच केलं, खर्च काहीच नाही आणि फरक सगळ्यात जास्त याचाच. शिलाईवाल्यांनी खुर्ची मशीनच्या जवळ ओढायची, लांब बसून मान पुढं काढायची नाही. विडीवाल्या मावश्यांनी सूप मांडीवर न ठेवता पाटावर किंवा डब्यावर उंच ठेवून बघावं, पाठ भिंतीला टेकवावी, आणि दर पन्नास-पन्नास विड्यांनंतर एकदा मान सरळ करून दोन-चार वेळा हनुवटी मागं घ्यावी, पैसे विड्यांवर मिळतात त्यामुळं तासभर विश्रांती घ्या म्हणून सांगणं मला पटत नाही, पण एवढं जमतं. यंत्रमागावर तुटलेला धागा जोडताना मान नाही, कमरेतून नाहीतर गुडघ्यातून वाका. मार्केट यार्डातल्या हमालांनी डोक्यावरचं ओझं काही काळ पूर्ण बंद, इथं तडजोड नाही. बायकांनी पुढं वाकून केस धुणं टाळा, उभं राहून धुवा. मोबाइल डोळ्यासमोर उचला. खड्ड्यांच्या रस्त्यावर टू व्हीलर पहिले तीन-चार आठवडे शक्य असेल तर नकोच, मला जुळे सोलापूरहून अशोक चौकाकडं यायचं असायचं, मी त्या काळात रिक्षाच केली. योगा करणाऱ्यांनी शीर्षासन, सर्वांगासन, हलासन थांबवा. तेल लावून घ्यायचं तर हलक्या हातानं, मानेवर पाय देऊन नाही (हसू नका, देतात).

मानेच्या पट्ट्याचं (कॉलरचं) विचाराल तर लोक दोन टोकं गाठतात, कुणी वर्षभर घालून फिरतो, कुणी अजिबात नको म्हणतो. २००९ मध्ये नेदरलँड्समधला २०५ पेशंटचा अभ्यास आला होता, दुखणं नवीन असताना तीन ते सहा आठवडे कॉलर आणि आराम, किंवा फिजिओ, दोन्हींनी नुसतं वाट बघणाऱ्यांपेक्षा लवकर दुखणं उतरलं, सहा महिन्यांनी सगळे सारखेच. म्हणजे सुरुवातीला घाला, मग हळूहळू काढा, जास्त काळ घातला तर मानेचे स्नायू ढिले पडतात.

गोळ्या, एमआरआय आणि ऑपरेशनचा प्रश्न

गोळ्या डॉक्टरांनी दिलेल्याच घ्या. मेडिकलमधून मनानं पेनकिलर आणून महिनाभर खाणं किडनीला, पोटाला, बीपीला महागात पडतं. नसेच्या गोळ्यांनी झोप येते, त्या घेऊन कटिंग मशीनवर किंवा मागावर उभं राहायचं नाही.

एक्स-रेमध्ये गादी दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. पण रिपोर्टमध्ये बल्ज लिहिलेलं वाचून रडू नका, जपानमध्ये काहीही त्रास नसलेल्या १२११ लोकांच्या मानेचा एमआरआय केला, २०१५ मध्ये छापून आलं, त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या होत्या. तुमची कळ ज्या बोटात आहे तीच नस दबलेली दिसतीये का, एवढंच बघायचं असतं, आणि ते डॉक्टरांनी तुम्हाला तपासून जुळवायचं असतं, नुसता कागद बघून नाही.

ऑपरेशन म्हणजे पाप नाही. ताकद जातीये, मज्जारज्जू दबलाय, किंवा तीन महिने सगळं मनापासून करून सुद्धा रात्र काढता येत नाही, तर करून घ्यावं, आईच्या वेळी मी हेच शिकलो. त्याच्या आधी मणक्याजवळ इंजेक्शनचा पर्याय पण काही जणांना सांगतात, तो दुखण्याचा जोर मोडायला असतो.

ताकदीची नोंद ठेवा, ही माझी स्वतःची युक्ती. कारखान्यात पार्सल तोलायचा काटा आहे, तो टेबलवर ठेवून दर रविवारी एकदा डाव्या, एकदा उजव्या तळव्यानं कोपर थोडं वाकवून जमेल तेवढं खाली दाबायचो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन्ही आकडे लिहायचो. पहिल्या रविवारी डावा १८ किलो, उजवा ९. तिसऱ्या आठवड्यात उजवा १०, सहाव्यात १३, दहाव्यात १६. दुखणं कमी झालंय की नाही हे रोजच्या रोज मनाला वाटण्यावर असतं पण काटा सांगतो ते तसं नसतं, आणि फिजिओ पण तो कॅलेंडरचा फोटो बघूनच पुढचा व्यायाम ठरवायचे. आकडा सलग दोन आठवडे खाली आला असता तर मी त्याच दिवशी डॉक्टरकडं जाणार होतो, तसं ठरवूनच ठेवलं होतं.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी थंडीत एकदा परत खवाट्यात तसंच बोट खुपसल्यासारखं झालं. या वेळी मी टॉवेलचा रोल काढला, हनुवटीचा व्यायाम परत दर दोन तासांनी सुरू केला, टेबलवर दुसऱ्या मुलाला उभं केलं, काट्यावर हात दाबून बघितला, १७ आला, आणि कळ दंडाच्या खाली उतरलीच नाही, आठ-दहा दिवसांत गेली.